सहा हजार गाणी, आणि एकाला एक लागेना

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातला २२ वर्षांचा मुलगा आहे, नाव-गाव देऊ नका म्हणालाय. दिवसा मोबाईलच्या दुकानात काम, रात्री डीजेचा नाद. चार महिन्यांपूर्वी साठवलेल्या पैशातून सेकंड हँड, दोन चॅनलचा कंट्रोलर (लॅपटॉपवरची दोन गाणी एकात एक मिसळायचं यंत्र) घेतला. लॅपटॉपमध्ये सहा हजारांवर गाणी, बरीचशी ग्रुपवरून आलेली. सिंकचं बटण दाबलं की दोन गाण्यांचा बीपीएम, म्हणजे स्पीड, आपोआप जुळतो, स्क्रीनवर आवाजाच्या लाटा एकाखाली एक छान दिसतात, पण ऐकायला "दोन बेंजो पार्ट्या एकाच चौकात समोरासमोर आल्यागत" होतं. चुलतभाऊ डॉल्बीवर ऑपरेटर आहे, तो म्हणतो बीपीएम सारखा असला की कुठलंही गाणं कुठल्याही गाण्याला लागतं. व्हिडिओवाले म्हणतात, दोन गाण्यांची 'की' (इंग्रजीतली key, म्हणजे सुराची पट्टी) जुळल्याशिवाय हातच लावू नको, त्यासाठी पैसे भरून सॉफ्टवेअर घे. मार्गशीर्षात आतेबहिणीची हळद आहे, तिथं वाजवतो म्हणून शब्द देऊन बसलाय. त्याचे प्रश्न असे: कुठलं गाणं कुठल्या गाण्याला लागतं याची यादी द्याल का? सॉफ्टवेअर घेऊ का? आजोबांच्या रेकॉर्डची पेटी माळ्यावर सापडलीय, खरा डीजे रेकॉर्डवरच शिकतो म्हणतात, तर टर्नटेबलसाठी पैसे साठवू का? का हे आपल्या रक्तातच नाही म्हणून कंट्रोलर विकून मोकळा होऊ?

भावा,

यादी देणार नाही, आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. माझ्या वहीत जोड्या लिहिलेल्या आहेत, नाही असं नाही, पण त्या माझ्याकडच्या फाईलींच्या आहेत. तुझ्याकडं तेच गाणं कुणीतरी रीमिक्स मारून, सुरुवातीला स्वतःच्या नावाचा आरडाओरडा टाकून, मधलं म्युझिक कापून ग्रुपवर सोडलेलं असणार, मग माझी जोडी तुझ्याकडं लागणार नाही आणि तू म्हणणार सांगलीच्या माणसानं फसवलं.

त्यापेक्षा तुझंच एक वाक्य घेऊ, ते बेंजो पार्ट्यांचं. लई भारी लिहिलंयस, आणि गंमत म्हणजे उत्तर पण त्यातच आहे. चौकात अशा वेळी नेमकं काय होतं ते आठव. दोघांचा स्पीड वेगळा असतो म्हणून घाण होते असं तुला वाटत असेल, तर कित्येकदा स्पीड जवळपास सारखाच असतो, तरी घाण होते, कारण दोघंही पूर्ण ताकदीनं वाजवत असतात, इकडचा पण चाल वाजवतोय तिकडचा पण चाल वाजवतोय, दोन्हीकडं ताशे कडकडतायत आणि मागं सरायला कुणी तयार नाही. मग त्यातला एखादा जुना जाणता हात वर करून आपल्या पोरांना गप्प करतो, नुसता एक ढोल चालू ठेवतो, समोरची पार्टी त्याच ढोलावर वाजवत पुढं निघून जाते, आणि त्या अर्ध्या मिनिटात तो चौक ऐकायला कसला गोड लागतो. तू विचारतोयस कुठलं गाणं कुठल्या गाण्याला लागतं. मी उलटं विचारतो, पहिलं गाणं गप्प कधी बसतं आणि दुसरं तोंड कधी उघडतं? सहा हजारातल्या किती गाण्यांचं तुला हे लॅपटॉप न उघडता सांगता येईल?

चुलतभावाला खोटं पाडायचं नाही मला, त्यानं अर्धं सांगितलंय एवढंच. बीपीएम पाहिजेच. पण बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके एवढाच आकडा, दोन ठोक्यांच्या मधे काय चाललंय ते त्यात येत नाही. माझंच सांगतो. बरीच वर्षं झाली, तासगावकडच्या एका गावात हळद होती, मी नवाच, गळ्यात हेडफोन अडकवून उगाच मान हलवत उभा. केरवा ठेक्याचं एक गाणं चालू होतं, पोरं चांगली तापलेली, स्क्रीनवर १०२. पुढचं कोळी ढंगाचं, ते पण १०२, म्हटलं देव पावला, सिंक दाबलं आणि फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, सरकवला. आता पहिलं गाणं प्रत्येक ठोक्याचे दोन-दोन चार-चार तुकडे करत होतं आणि दुसरं तीन-तीन, म्हणजे पाय दोघांचे एकदमच पडत होते पण मधली सगळी ढोलकी एकमेकांच्या अंगावर पडत होती. पंधरा सेकंदात मांडवातली गर्दी थांबली. शिट्टी नाही, शिवी नाही, नुसती थांबली आणि माझ्याकडं बघाय लागली, आणि नवरदेवाची आजी खुर्चीतून म्हणाली, "लाईट गेली काय रं?" सगळं फुल्ल वाजत असताना.

तर पहिली चाळणी ठेक्याची. गाणं लाव, मांडीवर हात मार आणि मोज, मधे "एक-दोन" बसतंय का "एक-दोन-तीन". गावात भजनात ढोलकी वाजवणारा कोण असेल तर त्याच्याजवळ एक तास बस, केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा तो तुला चहा संपायच्या आत ओळखायला शिकवेल, याला कुठलं ॲप लागत नाही. गाण्यांचे दोन ढीग कर, "एक-दोन"चा केरवा एकीकडं, "एक-दोन-तीन"चा दादरा दुसरीकडं. एका ढिगातली गाणी आपसात मिक्स कर, पण या ढिगातनं त्या ढिगात जायचं असेल तर मिक्सच्या नादाला लागू नको, सरळ थांब. हळदीत कुणाला ना कुणाला माईक हवाच असतो, मामाला माईक दे, मामा दोन मिनिटं आहेराचं बोलतील, त्यांचं झालं की दादऱ्याचं गाणं पहिल्या ठोक्यापासून सोड. प्रत्येक गाणं दुसऱ्यात मिसळलंच पाहिजे हे कुठनं आलं माहीत नाही, पण नव्या पोरांच्या डोक्यात घट्ट बसलंय.

दुसरं, स्क्रीनवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नको. हलगीचं एखादं गाणं सॉफ्टवेअरला एकदा ७२ वाटतं, एकदा १४४ वाटतं, दोन्ही एका अर्थानं बरोबरच, अर्ध मोजलं का दुप्पट एवढाच फरक. हे उपयोगाचं पण आहे, ७० चं संथ गाणं आणि १४० चं पळणारं गाणं एकमेकांना लागू शकतं. शंका आली की घड्याळ लावून पंधरा सेकंद ठोके मोज आणि चारनं गुण. आणि जुनी सिनेमाची गाणी, ती स्टुडिओत माणसांनी एकत्र बसून वाजवलेली, त्यात मुखडा ९६ नं सुरू होतो आणि शेवटच्या कडव्यात वादक रंगात आले की ९९ होतो. तिथं सिंक दाबून गाणं मोकळं सोडलंस तर एका मिनिटात पाय घसरतो आणि तुला वाटतं तुझंच काहीतरी चुकलं. असल्या गाण्याचा जेवढा तुकडा स्थिर आहे तेवढाच मिक्सला वापर, चार किंवा आठ ठोक्यांचा लूप मारून, म्हणजे तेवढाच तुकडा फिरता ठेवून.

ज्यांच्याकडं इंग्लिश हाऊस वगैरे आहे त्यांचं सोपं असतं, ती गाणी बहुतेक १२० ते १३० च्या मधली आणि मुळात डीजेसाठीच बांधलेली, सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठोका मोकळा सोडलेला. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोंसाठी बारा इंची रेकॉर्डवर गाणी लांबवून काढायला लागले तेव्हापासनंची ही सोय आहे. आपली गाणी डीजेसाठी नाहीत, पडद्यावर नाचणाऱ्यासाठी आहेत, त्यात मोकळी जागा शोधावी लागते. त्यामुळं व्हिडिओतला गोरा माणूस आरामात दीड मिनिटाचा मिक्स करतो आणि तुला वीस सेकंद मिळत नाहीत, यात तुझ्या रक्ताचा काय संबंध?

आता एक जोडी जवळनं बघू, गाण्यांची नावं मुद्दाम सांगत नाही कारण नावात काही नाही. माझ्याकडं एक पंजाबी गाणं आहे, ९८ चं, आणि हलगीचं एक रीमिक्स, १०४ चं. दोन्ही केरव्याची. पंजाबी गाण्यात शेवटचा मुखडा संपला की ३२ ठोके नुसता ढोल आणि बेस आहे, आवाज नाही. हलगीच्या गाण्यात पहिले १६ ठोके कोरडी हलगी, १७ व्याला घुमकं आणि बेस येतो, आणि गाणारा थेट ४९ व्याला तोंड उघडतो. हे आकडे मला स्क्रीनवर दिसले नाहीत, बोटं मोडत मोजलेत.

पहिल्यांदा लावलं तेव्हा मी काय केलं, तर पंजाबी गाण्याचं शेवटचं कडवं चालू असतानाच खालनं हलगी सोडली, उत्साह. झालं काय की १७ व्या ठोक्याला हलगीचा बेस आला तेव्हा पंजाबी गाण्याचा बेस पण चालूच, दोन बेस एकावर एक, घरातल्या स्पीकरवर नुसता गढूळ आवाज आला, पण तेच डॉल्बीवर झालं असतं तर ॲम्प्लिफायरची लाल लाईट पेटून साऊंडवाला माझ्याकडं पळत आला असता. वरनं हलगीची कडकड त्या गायकाच्या शब्दांवर. मग सोळा ठोके उशिरा सोडून बघितलं, तर पंजाबी गाणं संपून गेलं आणि मधे नुसत्या हलगीचं मैदान उरलं, वाईट नाही पण जोर ओसरला. तिसऱ्यांदा बरोबर जागा सापडली. पंजाबी गायकाचा शेवटचा शब्द संपला त्याच्या पुढच्याच ठोक्याला हलगी सुरू, हलगीच्या चॅनलचा लो, म्हणजे बेसचं बटण, पूर्ण बंद, सोळा ठोके खाली पंजाबी ढोल आणि वर हलगी, आणि १७ व्याला एका हातानं पंजाबीचा लो खाली आणि दुसऱ्या हातानं हलगीचा लो वर, एकदम, नळ बदलल्यासारखं. राहिलेल्या सोळा ठोक्यांत पंजाबी गाणं हळूच काढून घेतलं. ४९ व्याला गाणारा आला तेव्हा जागा त्याची एकट्याची.

स्पीडचं काय केलं ते पण सांगतो, कारण ९८ आणि १०४ मधे सहाचा फरक आहे आणि तो सगळा एकट्याच्या डोक्यावर टाकायचा नसतो. स्पीड साधारण सहा टक्के वाढवला की सूर एक पट्टी वर जातो, हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर काळी एकचं गाणं पांढरी दोनचं होतं. की लॉक दाबून सूर जागेवर धरता येतो, पण जास्त ताणलं की आवाजाला पाण्यातनं आल्यासारखा एक लिबलिबीतपणा येतो, ढोलाची धार जाते. म्हणून मी पंजाबी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात पिचचा, म्हणजे स्पीडचा, दांडा हळूहळू सरकवत १०१ पर्यंत नेतो, हलगीचं गाणं १०१ ला खाली ओढून तयार ठेवतो, मिक्स झाला की परत हळूहळू १०४ वर. तीन-तीन टक्के दोघांनी सोसायचं. नाचणाऱ्याला एवढंच कळतं की मजा वाढली. तुझ्या कंट्रोलरवर पिचची रेंज कितीही वाढवता येत असेल, तरी सुरुवातीला तीन-चार टक्क्यांच्या आतल्याच जोड्या धर.

हे सगळं मिळून १९ सेकंद होतात. १९ सेकंदांसाठी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि बायकोनं तेच पंजाबी गाणं त्या दिवसानंतर घरात लावायला बंदी केलीय.

आता कीचा विषय. सॉफ्टवेअर विकत घेऊ नको, निदान आत्ता तरी. तुझ्या कंट्रोलरबरोबर जे सॉफ्टवेअर चालतं त्यात बहुतेक की दाखवायचा कॉलम असतोच, सेटिंगमध्ये जाऊन चालू कर. तिथं तुला ८ए, ९ए, ५बी असले आकडे दिसतील, त्याला कॅमेलॉट व्हील म्हणतात, घड्याळासारखे बारा आकडे, ए म्हणजे मायनर आणि बी म्हणजे मेजर. नियम असा की आपल्या घरात राहा, नाहीतर एक घर पुढं, एक घर मागं, किंवा त्याच आकड्याच्या ए वरनं बी वर. मी हे वर्षभर पाठ करून वापरलं, का ते कळलं नव्हतं. मग एकदा मित्राला तानपुरा घ्यायचा होता म्हणून त्याच्याबरोबर मिरजेत तंतुवाद्यवाल्यांकडं गेलो, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते तू वाचलं असशील. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं तार लावता लावता विचारलं, पहिली तार पंचमात ठेवू का मध्यमात? मित्र मालकंस शिकत होता, मालकंसात पंचम नाही, म्हणून मध्यमात. आणि तिथं उभ्या उभ्या माझी ट्यूब पेटली. व्हीलवर एक घर पुढं म्हणजे आपल्या सा चा पंचम, एक घर मागं म्हणजे मध्यम. ८ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर, त्याचा पंचम पांढरी तीन म्हणजे ९ए, मध्यम पांढरी दोन म्हणजे ७ए. आणि ८बी म्हणजे पांढरी एकचा मेजर, पेटीवर वाजवून बघ, दोन्हीत पट्ट्या त्याच, सगळ्या पांढऱ्या. म्हणजे हे काय अमेरिकेतलं गुपित नाही, मिरजेत ते रोज तारेला पीळ देऊन लावतात.

पण हे कधी लागतं? दोन चाली एकाच वेळी ऐकू येणार असतील तेव्हा. वरच्या जोडीत पंजाबी गाणं नुसत्या ढोलावर आलेलं आणि दुसरीकडं कोरडी हलगी, तिथं कीचा काय संबंध, हलगीला काय काळी चार असते? असल्या तुकड्यावर सॉफ्टवेअर काहीतरी आकडा फेकतंच, बिचाऱ्याला फेकावाच लागतो. एवढंच बघ की नवीन गाण्याची चाल सुरू होते तेव्हा जुन्याची चाल कानातनं गेलेली असावी. आणि खात्री करायची तर पहिल्या गाण्याचा सा तोंडानं धरून ठेव आणि दुसरं गाणं लाव. बोचलं तर बोचलं, आकडा काही म्हणू दे.

आवाजावर आवाज मात्र कधीच नको, की जुळली तरी नको. सांगली स्टँडवर एक कंडक्टर "कोल्हापूर कोल्हापूर" आणि त्याच्या शेजारी दुसरा "पंढरपूर पंढरपूर" एकदम ओरडतो तेव्हा तू कुठल्या गाडीत बसतोस?

बरं, तुझ्या सहा हजारांचा हिशेब केला मी. गाण्याला तीन मिनिटं धरली तर १८ हजार मिनिटं, म्हणजे तीनशे तास, म्हणजे रात्रंदिवस साडेबारा दिवस. आतेबहिणीची हळद साडेबारा दिवस चालणार आहे का? नियमानं रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, बारापर्यंतची सवलत सणावाराच्या ठरावीक दिवसांनाच मिळते, हळदीला नाही. सात वाजता सुरू केलंस तर तुझ्याकडं तीन तास, म्हणजे जास्तीत जास्त ६० गाणी. त्यातली पंधरा-वीस तर लोकच सांगणार, अमकं लाव तमकं लाव, त्यांना नाही म्हणता येत नाही. राहिली चाळीस. माझं म्हणणं, वीसपासून सुरू कर.

वीस गाणी, एका वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि बाकीच्या फोल्डरचं तोंड पुढचे सहा आठवडे बघायचं नाही. हे ऐकून तुला कसंतरी होणार मला माहीत आहे, गाणी जमवण्यातच निम्मा नाद असतो. पण १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये कूल हर्क नावाच्या पोरानं जे सुरू केलं आणि ज्यातनं पुढं हिप हॉप उभं राहिलं, ते काय होतं बघ. त्यानं बघितलं की लोक गाण्याच्या एकाच तुकड्यावर सगळ्यात जास्त नाचतात, जिथं बाकी सगळे गप्प बसतात आणि ड्रम एकटा वाजतो. मग त्यानं त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा. दोन्हीकडं गाणं एकच, तरी गर्दी पांगली नाही. त्याला त्या रेकॉर्डमधली जागा माहीत होती.

वीस गाणी निवडताना तुला आवडणारी घे, आणि नाचताना लोकांना आवडणारी घे, फक्त मेसेजमध्ये "टॉप हिट" लिहून आलेली घेऊ नको. फाईल बघून घे, व्हिडिओतनं काढलेली १२८ केबीपीएसची (हा फाईलच्या दर्जाचा आकडा, बीपीएम नव्हे) फाटकी फाईल आणि ३२० ची चांगली फाईल शेजारी शेजारी लावलीस तर मिक्स कितीही बरोबर असला तरी मधेच कुणीतरी स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. आणि एक शंभर पानी वही घे. माझ्या वहीतली एक ओळ तशीच देतो, "९८, केरवा, पांढरी दोन मायनर, बेस लगेच, आवाज ३२ ठोक्यांनी, मधे १६ मोकळे, शेवटी ३२ मोकळे, बायका उठतात." शेवटचा शेरा सगळ्यात महत्त्वाचा, तो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तो लग्नात खुर्चीत बसून लोकांकडं बघूनच लिहावा लागतो. हे वाचणाऱ्या बाकीच्यांना पण, तुम्ही गरब्याला वाजवत असाल, गॅदरिंगला, का जिमच्या क्लासला, वहीतला शेरा बदलेल, वही लागेलच.

मोजताना एक ध्यानात ठेव. बरीच गाणी ८, १६, ३२ ठोक्यांनी वळण घेतात, नवीन वाद्य येतं, गाणारा येतो, ड्रम बदलतो. दुसरं गाणं नेहमी वळणावर सोड, मधेच नको. पण सिनेमाच्या गाण्यात संगीतकारानं कुठंतरी चार ठोके जास्तीचे घातलेले असतात, म्हणून एकदा तरी प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांवर मोज. कंटाळा येतो. येऊ दे.

वीस गाण्यांतनं रोज एक जोडी. फक्त एक. तीन वेगवेगळ्या जागी लावून बघ, फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना गाडी बाजूला लावून ऐक, कारण वाजवताना आपण हाताकडं बघत असतो, कान बंद असतात. न लागलेली जोडी पण वहीत लिही, का लागली नाही ते एका शब्दात, ठेका, बेस, आवाज, सूर, काय ते. महिनाभरात आठ-दहा जोड्या चांगल्या निघतील आणि मग दिसेल की त्यातल्या दोन जोड्यांत एक गाणं सामाईक आहे, झाली तिकडी. अशा चार-पाच तिकड्या पाठ असल्या की हळद निघते, मधे फर्माईश आली तरी परत यायला घर असतं.

आजोबांच्या पेटीचं. आधी बघ त्यात काय आहे. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपी असतील, ३३ च्या एलपी असतील, आणि जड, काळ्या, पडल्या की फुटणाऱ्या असतील तर त्या ७८ च्या, लाखेच्या. ७८ च्या रेकॉर्डला एलपीची सुई चालत नाही, तिची खाच रुंद असते, लावून बघायच्या फंदात पडू नको. टर्नटेबलसाठी पैसे आत्ता साठवू नको असंच मी म्हणेन. डीजेंमध्ये जिचं नाव निघतं ती टेक्निक्सची एसएल-१२००, तिचं १९७९ चं मॉडेल अजून लोक जपून वापरतात, पिचचा दांडा आठ टक्के वर आठ टक्के खाली, तेवढ्यात त्यांनी आयुष्य काढलं. पण ते महाग काम आहे, आणि स्वस्तातली जी सुटकेसवाली मशीन येते तिला बहुतेक पिचच नसतो, म्हणजे मिक्सला उपयोग शून्य. शिवाय तुझ्या आजोबांच्या तबकड्यांवरची गाणी असणार माणसांनी वाजवलेली, हलत्या स्पीडची, इंट्रो नसलेली, म्हणजे मिक्स करायला जगातली सगळ्यात अवघड. त्या आजोबांबरोबर बसून ऐकायच्या.

पण रेकॉर्डवर शिकलेले चांगले असतात यात तथ्य आहे. त्यांच्यासमोर स्क्रीन नव्हता. आकडा नाही, लाटा नाहीत, सिंक नाही, कुठलं गाणं कुठं गप्प बसतं ते कानानंच लक्षात ठेवायचं. ते तुला फुकटात करता येतं. लॅपटॉपवर टॉवेल टाक, सिंकचं बटण विसर आणि कानानं ठोका जुळव. पहिला आठवडा रडशील. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी दोन ठोके एकमेकांवर चढताना घोड्याच्या टापांसारखे वाजतात आणि मग एक होतात, ते ऐकू आलं की मला परत लिही. हळदीला सिंक वापर की खुशाल, तिथं कुणी परीक्षा घेत नाही.

हळदीच्या दिवशी साऊंडवाल्याला पाच वाजताच गाठ, मांडव भरायच्या आधी तुझी एक जोडी मोठ्या आवाजावर लावून बघ, घरी न ऐकू आलेला बेस तिथं ऐकू येईल. गाणी दोन पेन ड्राइव्हवर घे. पहिलं गाणं आत्याला विचारून लाव, तिच्या आवडीचं, कसलंही असू दे. चुलतभावाला शेजारी उभा कर, त्याला गर्दी कळते, तुला अजून कळत नाही, आणि चौकात हात वर कधी करायचा ते तोच तुला खांद्याला धक्का मारून सांगेल.

राहिला कंट्रोलर विकायचा प्रश्न. चार महिन्यांत एकच जोडी सलग दहा वेळा लावलीयस का, तेवढं स्वतःला विचार, आणि उत्तर नाही असेल तर वहीपासून सुरू कर. आणि सगळं करूनसुद्धा विकायचाच ठरला, तर आत्ता नको, तुळशीची लग्नं होऊ देत, सिझन सुरू झाला की गिऱ्हाईक स्वतःहून येतं आणि भाव पण बरा मिळतो.